तगडं पात्र आणि जिवंत पात्र: रोलप्लेइंग गेममधलं जुनं भांडण

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या कुठल्याही कंपूत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली: "याला गोष्टीशी काही देणंघेणं नाही, नुसते आकडे जुळवत बसतो." दुसरी: "हिला पात्राचं बालपण सांगायला दोन तास लागतात, आणि लढाई सुरू झाली की हिचा उपयोग शून्य." तक्रार करणारे दोघं एकमेकांचे चांगले मित्र असतात, एकाच डब्यातल्या चकल्या खात असतात, आणि थोडं थोडं दोघांचंही बरोबर असतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती किंवा हल्ली व्हिडिओ कॉलवर बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असतं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी कुलपं उघडण्यात वाकबगार चोर. एक जण गेम मास्टर. डंजन्स अँड ड्रॅगन्स या सर्वांत गाजलेल्या खेळात त्याला डीएम (डंजन मास्टर) म्हणतात. तो जग उभं करतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि निकाल कुठेही झुकू शकतो अशा वेळी फासा टाकला जातो. पात्राची ताकद, चपळाई, समोरच्यावर पडणारी छाप हे सगळं एका कागदावर आकड्यांत लिहिलेलं असतं. तो कागद म्हणजे कॅरेक्टर शीट. भांडणाचं मूळ याच कागदात.

म्हणजे आजचं नाही, अगदी जन्मापासूनचं. हा खेळ निघाला लष्करी पटखेळांमधून. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी ‘क्रीगस्पील’ खेळत: नकाशा, ठोकळे, फासे आणि निकाल देणारा पंच. पुढे अमेरिकेत हौशी मंडळी असेच डाव छोट्या धातूच्या सैनिकांनी मांडू लागली. १९६९ मध्ये मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्लीने एक वेगळा प्रयोग केला. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव, नाव ब्राउनश्टाइन. काही खेळाडूंच्या हातात त्याने पलटणी दिल्याच नाहीत, एकेक माणूस दिला: गावचा महापौर, बँकर, विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई राहिली बाजूला. मंडळी कोपऱ्यात जाऊन कारस्थानं करायला लागली, एकमेकांना शब्द द्यायला आणि फिरवायला लागली. वेस्लीला वाटलं, डाव पार फसला. खेळाडू मात्र "परत कधी?" म्हणून त्याच्या मागे लागले.

त्या कंपूतल्या डेव्ह आर्नेसनने पुढे ब्लॅकमूर नावाचं स्वतःचं काल्पनिक जग उभं केलं. गॅरी गायगॅक्सने मध्ययुगीन लढायांसाठी ‘चेनमेल’ नावाचे नियम १९७१ मध्ये प्रसिद्ध केले होते. दोघांच्या कामातून १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आला, पहिल्या छपाईच्या हजार प्रती. एका बाजूने आला फटका लागण्याचा तक्ता, दुसऱ्या बाजूने कोपऱ्यातली कारस्थानं. तेव्हापासून हे दोघे एकाच घरात नांदतात आणि अधूनमधून भांडी आपटतात.

आकड्यांची बाजू

आधी आकड्यांकडे बघू, कारण बदनामी त्यांची जास्त झाली आहे.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियम घेऊ. पात्राला सहा गुणधर्म असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि करिश्मा. वाटायला २७ गुण मिळतात आणि सुरुवातीला प्रत्येक गुणधर्म ८ ते १५ मध्ये ठेवायचा असतो. फाशात मात्र हा आकडा मिळवत नाहीत. त्यातून १० वजा करून, निम्मं करून, अपूर्णांक खाली सोडून जे उरतं ते मिळवतात. म्हणजे १४ असो की १५, फाशाला दोनच मिळतात. पण १४ ला ७ गुण मोजावे लागतात आणि १५ ला ९. ज्याच्या डोक्यात हे आलं तो लगेच पात्राच्या वंशामुळे मिळणारा बोनस धरून बेरीज सम आकड्यावर आणायला लागतो. झालं, ऑप्टिमायझेशनला सुरुवात. इथे लबाडी कसलीच नाही, फक्त नियम नीट वाचलेला आहे.

आता जरा खोलात जाऊ. चौथ्या लेव्हलचा, म्हणजे अनुभवाने चौथ्या पायरीवर पोचलेला योद्धा, ताकद १८, हातात दोन्ही हातांनी पेलायची मोठी तलवार. वीस बाजूंच्या फाशात त्याचे ६ मिळवायचे: ताकदीचे ४ आणि सरावाचे २. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे घाव लागायला गाठावा लागणारा आकडा, १५. म्हणजे फाशावर ९ किंवा जास्त हवेत, शक्यता ६० टक्के. घाव लागला तर सरासरी ११ डॅमेज, म्हणजे समोरच्याचं तेवढं नुकसान. गुणाकार केला की दर घावामागे ६.६. या योद्ध्याकडे ‘ग्रेट वेपन मास्टर’ नावाचं कसब असेल तर त्याला एक पर्याय मिळतो: फाशातून ५ वजा कर, लागलाच तर डॅमेजमध्ये १० मिळव. आता १४ पडायला हवेत, शक्यता ३५ टक्के, डॅमेज २१. गुणाकार ७.३५. फायद्यात. पण समोर चिलखत चढवलेला सरदार असला, आर्मर क्लास १८, तर साध्या घावाला ४.९५ आणि या जुगाराला ४.२. तोट्यात. (फाशावर २० पडल्यावरचा दुप्पट मार दोन्हीकडून सोडून दिला आहे, आकडेमोड डोक्यात करता यावी म्हणून.)

हे ज्याला ठाऊक आहे तो समोरचा राक्षस बघून ठरवतो की अंगावर धावून जायचं की सावध घाव घालायचा. बाहेरून बघणाऱ्याला तो कॅल्क्युलेटर वाटतो. पण मुरलेला तलवारबाजही समोरच्याचं चिलखत बघूनच घाव निवडेल ना? आकडेमोड आणि पात्राची समज इथे एकच गोष्ट होतात, हे मला या खेळात फार आवडतं. २०२४ च्या सुधारित नियमांत हा वजा पाच, अधिक दहाचा सौदा काढून टाकला. बरेच जण हळहळले, आणि मला ते पटतं.

या बाजूचं टोकही सांगायला हवं. २००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत पुस्तकांमागून पुस्तकं निघाली आणि प्रत्येकात नवी कसबं, नवे वर्ग, म्हणजे पात्रांचे पेशे. त्यांच्या जोडण्या लावणं हा स्वतंत्र छंदच झाला. त्यातून ‘पन-पन’ जन्माला आला: कोबोल्ड जातीचा, सरड्यासारखा दिसणारा चिमुकला प्राणी, जो वेगवेगळ्या पुस्तकांतले नियम एकमेकांत अडकवून कागदावर अमर्याद शक्ती मिळवतो. पन-पन घेऊन कुणी खेळायला बसत नाही. तो कागदावरचा बुद्धिविलास आहे. नवशिके मात्र तो वाचतात आणि समजतात की आकडे जुळवणारा प्रत्येक जण हेच करायला टपलेला आहे. जो फक्त आपला धनुर्धारी बरा नेमबाज व्हावा म्हणून धडपडतो, त्यालाही मग ‘मिनमॅक्सर’ ही शिवी ऐकावी लागते.

गोष्टीची बाजू

गोष्टीच्या बाजूनेही एक घोळ घातला आहे. सहा पानी पूर्वकथा म्हणजे नाट्य, असा समज. गाव जळालं, आईवडील गेले, गुरूने दगा दिला, आणि हे सगळं खेळ सुरू व्हायच्या आधी. म्हणजे गोष्ट होऊन गेली! टेबलावर काय उरलं? एक दुःखी माणूस, जो खानावळीच्या कोपऱ्यात टोपी पुढे ओढून बसतो आणि कुणाशी बोलत नाही.

टेबलावरचं नाट्य सगळ्यांसमोर, आत्ता घडावं लागतं. पात्राला काहीतरी हवं असतं, ते मिळण्याच्या आड काहीतरी येतं, आणि जो निर्णय घ्यावा त्याची किंमत पडते. इतकंच. पूर्वकथेतला उपयोगी भाग तेवढाच, ज्याचं टोक अजून मोकळं आहे: कोण जिवंत आहे, कुणाचं देणं बाकी आहे, कुणाला तोंड दाखवायची सोय नाही. तीन ओळींत हे लिहिता येतं. सहा पानं डीएम वाचत नाही, आणि वाचली तरी तिसऱ्या सेशनपर्यंत विसरतो.

२०१५ पासून व्यावसायिक व्हॉइस अॅक्टर मंडळी हाच खेळ खेळतात तो ‘क्रिटिकल रोल’ हा वेब शो लोक बघू लागले आणि खेळात एक नवी पिढी आली. तिला हुंदके, आवाज, भावंडांचे पुनर्मीलन हे सगळं पहिल्याच दिवशी हवं असतं. दुसरी पिढी व्हिडिओ गेममधून आलेली, जिला ‘बिल्ड’, म्हणजे पात्राच्या आकड्यांची जुळणी, काय असते हे आधीच ठाऊक. दोन्ही पिढ्या एका टेबलावर बसतात आणि दोघांनाही वाटतं की आपण खेळतोय तोच खरा खेळ.

दुबळं म्हणजे खोल नव्हे

दोन्ही बाजूंमध्ये एक गृहीत चोरपावलांनी घुसलेलं असतं: पात्र जितकं ताकदवान तितकं सपाट, आणि जितकं दुबळं तितकं खोल. याला रोलप्लेइंग गेमच्या दुनियेत ‘स्टॉर्मविंड फॅलसी’ असं नावच पडलं आहे. आकडे नीट जुळवणं आणि भूमिका नीट वठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीत तरबेज असलात म्हणून दुसरीत कच्चे असाल असं मुळीच नाही. काही जण दोन्हींत तरबेज असतात, काही दोन्हींत कच्चे. (दुसऱ्या प्रकारची मंडळी फार गोड असतात आणि चकल्या बहुधा तीच आणतात.)

एक उदाहरण जवळून बघू. समजा, एकीने ठरवलं की तिचं पात्र राजधानीतली नावाजलेली वकील आहे. जिभेवर सरस्वती, भल्याभल्यांना गप्प करणारी. पण करिश्मा ठेवला ८, कारण "सगळंच चांगलं असलं तर पात्र कंटाळवाणं होतं." तिसऱ्या सेशनला सगळे तुरुंगाच्या दाराशी.

"मी पहारेकऱ्याला म्हणते, या माणसाला कुठल्या हुकमावरून आत ठेवलंय ते दाखव. नसेल हुकूम, तर उद्या दरबारात तुझं नाव घेऊन उभी राहीन."

"काय बोललीस गं! मस्त. टाक फासा, पर्सुएशनचा. पंधरा हवेत."

"अकरा. वजा एक. दहा."

"तो म्हणतो, बाई, बाजूला व्हा. जेवायची वेळ झाली."

सगळे हसतात. तीही हसते. पण करिश्मा ८ आणि प्रशिक्षण नसलेलं पात्र असेल तर अशा प्रसंगी जिंकायची शक्यता २५ टक्के. करिश्मा १६ आणि वकिलीला साजेसं प्रशिक्षण असतं तर ती ५५ टक्के झाली असती. असे चार-पाच प्रसंग गेले की राजधानीतली नावाजलेली वकील टेबलावरचा विनोद होते. खेळाडू मनातून खट्टू होते, आणि डीएम तिच्या भाषणावर खूश होऊन फासा न टाकताच दार उघडायला लागतो. मग ज्या खेळाडूने आपल्या बोलक्या भाटाच्या पात्रासाठी मोजून गुण खर्च केले तो विचारतो, मी कशाला खर्च केले?

शीटवरचा आकडा म्हणजे खेळाडूने टेबलाला दिलेला शब्द. "माझं पात्र हे करू शकतं" असं तुम्ही म्हणता, आणि फासा विचारतो, खरंच? गोष्ट नीट उभी राहायला आकडे लागतात ते यासाठी. वकिलीच्या कथेला जागायचं असेल तर तिचा करिश्मा वाढवणं हे गोष्टीचंच काम आहे.

मग दुबळेपणा कुठे ठेवायचा? हव्यासात, भीतीत, नात्यांत. वकील कोर्टात अजिंक्य असू दे, पण स्वतःच्या धाकट्या भावाबद्दल तिला खरं बोलता येत नसेल तर नाट्य तिथून येईल. कामात कुचकामी आणि मनाने निश्चिंत अशा पात्रापेक्षा कामात पक्कं आणि मनाने अडकलेलं पात्र टेबलावर कितीतरी जास्त वेळ टिकतं.

उलट दिशेनेही हे चालतं. पाचव्या आवृत्तीत (२०१४ च्या नियमांत) एक गाजलेली युक्ती होती. पॅलाडिन म्हणजे प्रतिज्ञेला बांधलेला धर्मयोद्धा. त्याची जादू करिश्म्यावर चालते, तलवार मात्र ताकदीवर, म्हणजे गुण दोन ठिकाणी वाटावे लागतात. पण त्याने वॉरलॉक वर्गाची एकच लेव्हल घेतली, ती ‘हेक्सब्लेड’ प्रकारची, तर त्याला एका हाताने पेलणारं शस्त्र करिश्म्यावर चालवता येतं. दोन्ही कामं एकाच आकड्यात. आकडेवाल्यांनी ही युक्ती इतकी वापरली की तिचं नाव काढलं तरी डीएम कपाळाला हात लावायचे.

पण जरा थांबा. वॉरलॉक होणं म्हणजे कुणा अज्ञात शक्तीशी करार करणं, आणि हेक्सब्लेडचा करार सावल्यांच्या जगातल्या एका गूढ शक्तीशी, जी जिवंत वाटणाऱ्या शस्त्रांतून बोलते. देवासमोर शपथ घेतलेल्या माणसाने हे केलं? कधी? कुणाला वाचवायला? त्याच्या संघाला ठाऊक आहे का? एवढी भरलेली परिस्थिती आकडेवाल्याने फुकट आणून दिली, आणि टेबलावर कुणी विचारलंच नाही. त्याने जाहीर केलं, "एक लेव्हल हेक्सब्लेड", आणि डीएमने "अरे देवा" म्हणत पान उलटलं. इथे चूक युक्तीची नव्हती. पुढचा प्रश्न विचारायचा राहून गेला.

मग भांडण खरं कुठे आहे?

इतकं सगळं गोड असतं तर तक्रारी ऐकू आल्या नसत्या. घर्षण असतंच, पण ते लोक दाखवतात तिथे नसतं.

पहिली जागा: पात्रांमधली तफावत. समजा, एक योद्धा दर फेरीला सरासरी २५ डॅमेज करतो आणि बाकीचे ७-८. साठ हिट पॉइंटचा, म्हणजे साठ डॅमेज सोसू शकणारा राक्षस दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आडवा. डीएमला लढाई फार सोपी वाटते, म्हणून पुढच्या वेळी तो राक्षसाला १२० हिट पॉइंट देतो आणि घावही वाढवतो. आता योद्ध्याला जो घाव नुसता झोंबतो तो भाटाला आडवा करतो. भाटाचे ७ डॅमेज १२० समोर कुठेच लागत नाहीत. नियम कुणीही मोडलेला नाही, तरी तिघं कंटाळलेत आणि चौथ्याला वाटतंय की आपल्यावर राग का. एखादं पात्र किती तगडं आहे याला एकट्याने काही अर्थ नाही. शेजारच्याच्या तुलनेत किती, हाच प्रश्न. सगळेच तगडे असतील तर डीएमने खुशाल ड्रॅगन आणावेत.

यावर मला माहीत असलेला सर्वांत देखणा उपाय म्हणजे आकड्यांच्या प्रेमिकाला दुसऱ्यांना तगडं करायचं काम देणं. पहिल्या पातळीचा ‘ब्लेस’ मंत्र घ्या. तीन साथीदारांना दर हल्ल्याच्या फाशात चार बाजूंचा आणखी एक फासा मिळवायला मिळतो, सरासरी अडीच. वीस बाजूंच्या फाशावर अडीच म्हणजे घाव लागण्याची शक्यता साधारण साडेबारा टक्क्यांनी वर. तिघांची. प्रत्येक घावाला. एकट्याच्या तलवारीतून एवढं काढायला मारामार होते. हिशोब करणाऱ्याचं डोकं खूश, आणि शेवटचा घाव मात्र भाटाच्या हातून पडतो.

दुसरी जागा: निर्णयाचा क्षण. सगळ्यांत फायद्याची चाल एक, पात्राला साजेशी चाल दुसरी. शत्रूने ओलीस धरलाय, चोराला स्वतःचं बालपण आठवतं, तो धनुष्य खाली ठेवतो. छान! पण त्यामुळे उरलेले तिघं मेले तर? इथे एक वाक्य येतं जे मी फार ऐकलं आहे: "मी काय करू, माझं पात्र असंच वागेल." याला इंग्रजी भाषक खेळाडूंनी ‘माय गाय सिंड्रोम’ म्हटलंय. पात्र तुम्हीच रचलंत, तेव्हा त्याला धनुष्य खाली ठेवायचं कारण देता येतं तसं वेळेवर उचलायचं कारणही देता येतं. नाट्याच्या नावाखाली मित्रांची संध्याकाळ खराब करायचा परवाना कुणाला नसतो. आकड्यांच्या नावाखालीही नसतो, अर्थात.

नियम कशाला मोबदला देतात

आता या विषयातला माझा सर्वांत आवडता भाग. ज्या विषयाला मार्क असतात तोच विषय पोरं अभ्यासाला घेतात, आणि खेळाडूही याला अपवाद नाहीत. टेबलावर नाट्य कमी आहे अशी तक्रार असेल तर खेळाडूंचा स्वभाव तपासण्याआधी नियम काय वाटतात ते बघावं.

सुरुवातीच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये अनुभवाचे गुण मुख्यतः खजिन्याचे मिळायचे: एक सोन्याचं नाणं बाहेर आणलं की एक गुण. राक्षस मारण्याचे गुण त्या मानाने किरकोळ. मग शहाणा खेळाडू काय करणार? राक्षसाला टाळणार, त्याला लाच देणार, झोपला असेल तर चवड्यांवर चालत पेटी उचलणार. त्या काळच्या डावांत दिसणारी कपटी, भित्री, मजेदार माणसं कुणी ‘भूमिका वठवा’ सांगून आली नव्हती, ती त्या एका नियमातून आली. पुढे खजिन्याचा नियम मागे पडला, गुण मुख्यतः राक्षस मारण्याचे मिळायला लागले, आणि मंडळी राक्षस मारायला लागली. यात आश्चर्य ते काय?

दोषांचं उदाहरण आणखी बोलकं. १९८१ चा ‘चॅम्पियन्स’, १९८६ चा ‘गर्प्स’ या खेळांनी ठरवलं की पात्राला दोष घ्या, बदल्यात जास्तीचे गुण घ्या. शत्रू मागावर आहे, व्यसन आहे, अहंकार आहे, घ्या गुण. कल्पना चांगली होती, पण मोबदला आगाऊ मिळत होता. साहजिकच लोकांनी असे दोष शोधले जे खेळात कधी आडवेच येणार नाहीत. वाळवंटातल्या मोहिमेत पाण्याची भीती! गुण खिशात, भीती शीटवर.

‘फेट’ या खेळाने हाच व्यवहार उलटा केला. दोष शीटवर लिहिण्याचे काही मिळत नाही. तो दोष खेळात अंगाशी यायला लागला की गेम मास्टर एक फेट पॉइंट पुढे सरकवतो आणि विचारतो, "तुझा अहंकार इथे गप्प बसेल का?" घेतला तर पॉइंट तुमचा, पण संकटही तुमचं. नाकारायचं तर स्वतःकडचा एक पॉइंट द्यावा लागतो. आणि हे पॉइंट पुढे मोक्याच्या फाशाला लागतात. परिणाम काय होतो? अट्टल आकडेवाला शोधत बसतो की आज आपण कुठे माती खाऊ शकतो. त्याचा हिशोबी स्वभाव तसाच राहतो, फक्त हिशोब नाट्याच्या बाजूने लागतो. ‘डंजन वर्ल्ड’मध्ये फासा फसला, म्हणजे सहा किंवा कमी आले, की अनुभवाचा गुण मिळतो. ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये जिवावरची जोखीम घेतली की गुण मिळतो, आणि सेशनअखेर पात्राचं व्यसन किंवा मनावरचा घाव आडवा आला असेल तर त्याचाही.

आणि १९८१ चा ‘कॉल ऑफ कथुलू’. त्यात प्राचीन भयानक शक्तींविषयीचं ज्ञान हे एक कौशल्य आहे. ते जितकं वाढेल तितकी पात्राच्या मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते: ९९ वजा ते ज्ञान. जगाला वाचवायचं तर जाणून घ्यायला हवं, जाणून घेतलं तर वेड लागणार. एका वजाबाकीत अख्खी शोकांतिका. ‘आकडे विरुद्ध नाट्य’ म्हणणाऱ्याला मी ही वजाबाकी दाखवतो.

या मानाने २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हात आखडता घेतला. स्वभावाला धरून खेळलात तर डीएम ‘इन्स्पिरेशन’ देऊ शकतो: एका वेळी फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. ११ किंवा जास्त येण्याची शक्यता ५० टक्क्यांची ७५ होते, म्हणजे बक्षीस चांगलंच आहे. पण एका वेळी एकच साठवता येतं, आणि द्यायचं की नाही ते डीएमच्या लक्षात राहण्यावर. तो बिचारा सहा राक्षसांचे हिट पॉइंट सांभाळत असतो, त्यामुळे विसरतो. २०२४ च्या नियमांत मानव वंशाच्या पात्राला ते दर दीर्घ विश्रांतीनंतर आपोआप मिळतं. म्हणजे झोप काढण्याबद्दल. सोय झाली, पण नाट्याशी असलेला धागा आणखी पातळ झाला.

टेबलावर काय करायचं

मोहीम सुरू होण्याआधी एक बैठक फक्त बोलण्यासाठी ठेवतात, तिला सेशन झिरो म्हणतात. त्यात "कसा खेळ हवा?" असं विचारून उपयोग नसतो. सगळे "बॅलन्स्ड" म्हणतात आणि प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. नेमकं विचारावं. एका सेशनमध्ये लढाईला किती वेळ गेलेला चालेल? पात्र मेलेलं चालेल का, आणि मूर्खपणाने मेलेलं? दोन पात्रांनी एकमेकांपासून गुपितं ठेवायची का? कुठली पुस्तकं चालतील? शेवटचा प्रश्न रुक्ष वाटतो, पण तफावतीचं अर्धं दुखणं तिथेच मिटतं.

शीट तयार झाली की डीएमने प्रत्येक ठळक आकड्याला एक "कसं काय?" विचारावं. ताकद १८ आहे, ती कुठे कमावली? गोदीत? मग गोदीत तुला ओळखणारं कोण आहे? बुद्धी ८ आहे, तर तुला कुणी फसवलं होतं का? आकडेवाल्याला पूर्वकथा लिही म्हटलं की घाम फुटतो, पण त्याच्याच आकड्यांवर प्रश्न विचारले की तो भरभरून बोलतो. गोष्टीवाल्याला उलटं विचारावं: तुझं पात्र कुठल्या एका कामात टेबलावर सर्वांत पुढे असायला हवं? एकच सांग. मग शेजारी बसून ते एक काम आकड्यांत पक्कं करून द्यावं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते करायला आकडेवाला मित्र आनंदाने तयार असतो.

लढाईत हिट पॉइंट सोडून दुसरं काहीतरी पणाला लावावं. पूल चार फेऱ्यांत कोसळणार आहे आणि पलीकडे माणसं आहेत. शत्रू मारायचा नाही, जिवंत पकडायचा आहे, कारण तो पॅलाडिनचा भाऊ आहे. अशा वेळी २५ डॅमेजवाल्या योद्ध्याची ताकद कुणी काढून घेत नाही, पण ती कुठे वापरायची हा पेच उभा राहतो. तगड्या पात्राला दुबळं करायचा मोह डीएमला फार होतो: याची तलवार चोरीला जाऊ दे, याची जादू इथे चालत नाही. एखाद्या वेळी ठीक. दर वेळी केलं तर खेळाडूने मेहनतीने रचलेल्या गोष्टीवर बोळा फिरवल्यासारखं होतं.

हेक्सब्लेडवाल्या त्या पॅलाडिनलाही हेच लागू. समजा, विसाव्या सेशनला त्याने ठरवलं की करार मोडायचा, तलवार समुद्रात फेकायची. प्रसंग जबरदस्त, सगळे गप्प. पण नियमाने त्याची एक लेव्हल आणि निम्मी युद्धकला त्या करारात आहे. हातचं सगळं जाणार असेल तर पुढच्या वेळी कुठलाही खेळाडू असा प्रसंग खेळायला धजणार नाही. तेव्हा डीएमने सेशन संपल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारावं की ती लेव्हल कशात बदलून हवी. पॅलाडिनचीच पुढची लेव्हल घे, ताकद थोडी वाढवून घे, दोन सेशन अडखळत लढ, मग जमव. तलवार समुद्रात गेली ती गेलीच. कराराच्या पलीकडचा जो आहे तो वसुलीला कधी येणार, ते मात्र डीएमने त्याला आधी सांगायचं नाही.